मूक मालकांची जमीन

(अतिक्रमणविषयक कायद्यांवरील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या गुरुग्राम जिल्ह्यात हिदायतपूर छावणी नावाचे एक ठिकाण आहे. तेथील आठ बिस्वे जमिनीच्या तुकड्यासाठी एक दावा दाखल झाला. दावा करणारा कोणी भूमाफिया नव्हता. वादी होते हरियाणा राज्य आणि राज्याच्या वतीने न्यायालयात गेले होते जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक. त्यांचे म्हणणे असे, की ही जमीन पंचावन्न वर्षे पोलिसांच्या ताब्यात आहे, मूळ मालकाने कधी हरकत घेतली नाही, सबब कायद्याने ती आता पोलिसांचीच झाली आहे. नागरिकांच्या मालमत्तेचे रक्षण करणे हे ज्यांचे कर्तव्य, त्यांनीच नागरिकाच्या जमिनीवर ठाण मांडले आणि वर मालकीचा दाखला मागितला!

राज्य सरकार खालच्या न्यायालयात हरले, अपिलात हरले, उच्च न्यायालयात हरले, तरीही सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० सप्टेंबर २०११ रोजी न्या. दलवीर भंडारी आणि न्या. दीपक वर्मा यांच्या पीठाने सरकारची याचना फेटाळली, पन्नास हजार रुपये खर्च बसवला आणि शासनानेच नागरिकांच्या जमिनी अशा मार्गाने गिळल्या तर जनतेने पाहायचे कोणाकडे, अशा आशयाचे खडे बोल सुनावले. मालक जागरूक होता, भांडायची त्याची तयारी होती, म्हणून ती जमीन वाचली. परंतु ज्या मालकाला बोलताच येत नाही, त्याचे काय?

असे मूक मालक या देशात पुष्कळ आहेत. देवळातील देव हा कायद्याच्या दृष्टीने मालमत्तेचा मालक आहे, पण तो तलाठ्याच्या कार्यालयात जाऊन सातबारा तपासू शकत नाही. गावचे गायरान, गावतळे, स्मशानभूमी, ओढ्याचे पात्र, गडकिल्ल्याचा माथा यांपैकी कोणालाही तक्रार करता येत नाही. जे सर्वांचे असते त्याला वाली कोणीच नसतो, हा रोजचा अनुभव. अतिक्रमणाचा खरा प्रश्न या मूक मालकांचा आहे. पदपथावरचा हातगाडीवाला किंवा झोपडीवर पडणारा बुलडोझर एवढ्यापुरतीच त्याची चर्चा होते, हे दुर्दैव आहे.

बारा वर्षांचा चमत्कार

या विषयाच्या मुळाशी एक विलक्षण कायदेशीर तत्त्व आहे. त्याला ‘प्रतिकूल कब्जा’ म्हणतात. वकिली बोलीत ‘ॲडव्हर्स पझेशन’. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील अनुच्छेद ६५ सांगतो, की स्थावर मालमत्तेचा ताबा परत मिळवण्यासाठी मालकाने बारा वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे. कब्जा मालकाच्या विरोधात जाऊ लागला, त्या दिवसापासून ही बारा वर्षे मोजली जातात. मुदत उलटली की केवळ दावा बुडतो असे नाही. त्याच कायद्याचे कलम २७ म्हणते, की मालकाचा हक्कच संपुष्टात येतो. जमीन शासनाची असेल तर अनुच्छेद ११२ नुसार मुदत तीस वर्षांची आहे, एवढाच फरक.

अर्थात नुसते बारा वर्षे बसून राहिल्याने काम भागत नाही. कब्जा उघड हवा, अखंड हवा आणि ‘ही जमीन माझीच’ अशा विरोधी भावनेचा हवा. भाडेकरू, राखणदार, नोकर किंवा मालकाच्या परवानगीने राहणारा आप्त कितीही वर्षे राहिला तरी मालक होत नाही. गोव्यातील एका घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१२ रोजी हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. बहिणीने विश्वासाने भावाला घरात राहू दिले होते. पुढे भावाने घरावर हक्क सांगितला. विश्वासाने दिलेल्या जागेवर राखणदाराचा हक्क कधीच निर्माण होत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

हे तत्त्व आले कोठून? इंग्लंडमध्ये १६२३ साली, पहिल्या जेम्स राजाच्या अमदानीत, जमिनीच्या दाव्यांना मुदत घालणारा कायदा झाला. भारतात ब्रिटिशांनी १८५९ च्या कायद्याने जमिनीसाठी बारा वर्षांची मुदत आणली. १८७१, १८७७ आणि १९०८ च्या कायद्यांतून ती चालत आली आणि स्वातंत्र्यानंतर १९६३ च्या कायद्यातही कायम राहिली. या तत्त्वामागे काही तर्क आहे, हे नाकारता येत नाही. जुने साक्षीदार मरतात, कागद गहाळ होतात, जमीन पडीक राहते. वाद कधीतरी मिटलाच पाहिजे. सदोष खरेदीखतावर प्रामाणिकपणे घर बांधून पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कुटुंबालाही या तत्त्वाचा आधार मिळतो. पण जो आधार प्रामाणिक माणसासाठी ठेवला, त्याची ढाल करून बळजोर माणूस आत शिरला, ही आजची वस्तुस्थिती आहे.

सर्वोच्च न्यायालयाला याची जाणीव फार पूर्वीच झाली. २३ सप्टेंबर २००८ रोजी गुजरातमधील एका खटल्याचा निकाल देताना न्या. भंडारी व न्या. बेदी यांच्या पीठाने हा कायदा विवेकशून्य, तर्कहीन आणि प्रमाणाबाहेर कठोर असल्याचे नमूद केले. खऱ्या मालकाला शिक्षा आणि अप्रामाणिक माणसाला घबाड, असा याचा परिणाम होतो, म्हणून केंद्र सरकारने फेरविचार करावा, अशी शिफारस न्यायालयाने केली. पुढे २०१३ मध्ये न्यायालयाने म्हटले, की प्रतिकूल कब्जा ही केवळ ढाल आहे. त्या बळावर कोणी स्वतःहून मालकीचा दावा लावू शकत नाही. ७ ऑगस्ट २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती भूमिका बदलली आणि ढालीबरोबर तलवारही कब्जेदाराच्या हाती आली. बारा वर्षे पूर्ण केलेला कब्जेदार आता वादी म्हणूनही न्यायालयात जाऊ शकतो.

मात्र त्याच निकालातील एक परिच्छेद फारसा चर्चिला गेला नाही. सार्वजनिक कार्यासाठी समर्पित केलेल्या मालमत्तेवर प्रतिकूल कब्जाने कोणताही हक्क निर्माण होऊ नये आणि तशी स्पष्ट तरतूद मुदतीच्या कायद्यातच करणे इष्ट ठरेल, असे न्यायालयाने तेथे म्हटले आहे. मूक मालकांच्या बाजूने देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने उच्चारलेले हे शब्द आहेत.

आपल्या परंपरेने काय सांगितले?

मुदतीची कल्पना भारताला इंग्रजांनी शिकवली, असा एक समज आहे. तो खरा नाही. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात या प्रश्नाचा स्पष्ट विचार आहे. मालक डोळ्यांनी पाहत असताना, तोंडातून शब्द न काढता, दुसऱ्याला आपली भूमी वीस वर्षे भोगू देत असेल तर त्याची हानी होते, असा तेथील नियम आहे. जंगम धनासाठी ही मर्यादा दहा वर्षांची. ‘पाहणारा’ आणि ‘न बोलणारा’ ही दोन विशेषणे येथे महत्त्वाची आहेत. जो पाहू शकतो आणि बोलू शकतो, तरीही गप्प बसतो, त्यालाच हा नियम लागू होतो.

आणि म्हणूनच लगेच पुढे अपवाद येतात. गहाण ठेवलेली वस्तू, शेताची सीमा, विश्वासाने सोपवलेली ठेव, मतिमंदाचे आणि बालकाचे धन, राजाचे, स्त्रियांचे आणि श्रोत्रियाचे धन यांना ही मुदत लागू नाही. ज्यांना स्वतःच्या मालमत्तेवर नजर ठेवता येत नाही किंवा परिस्थितीमुळे आवाज उठवता येत नाही, त्यांच्याविरुद्ध काळ धावू नये, हे यामागचे सूत्र दिसते. विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ टीकेत आणखी एक पाऊल पुढे टाकले. ‘हानी’ म्हणजे भूमीची हानी नव्हे, त्या काळातील उत्पन्नाची हानी, असा अर्थ त्याने लावला. गप्प बसलेल्या मालकाला गेलेले पीक मागता येणार नाही, पण शेत त्याचेच राहील! भोगापेक्षा आगम, म्हणजे नुसत्या वहिवाटीपेक्षा हक्काचे मूळ, श्रेष्ठ मानणारी ही दृष्टी आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या सर्व मतांचा साधार परामर्श घेतलेला आहे. आजच्या विधिज्ञांनी तो मुद्दाम वाचावा असा आहे.

इंग्रजी कायद्याने आपल्याकडे मुदत आणली. पण मूक मालकांसाठीचे हे बारकावे त्यात पुरतेपणी उतरले नाहीत. अज्ञान मुलाला १९६३ च्या कायद्याचे कलम ६ सवलत देते. देवाला मात्र नाही. देव हा ‘नित्य अज्ञान’ आहे, असे आपले न्यायशास्त्र एकीकडे मानते. परंतु त्या कारणाने देवाला मुदतीच्या कायद्यातून सूट मिळते, हे विधान कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१९ च्या अयोध्या निकालातही नमूद केले. त्याच निकालात सुन्नी वक्फ बोर्डाचा प्रतिकूल कब्जाचा दावा पुराव्याअभावी अमान्य झाला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पहिली गोष्ट मात्र फार थोड्यांच्या लक्षात आली. अयोध्येत शतकानुशतके जागता राहिलेला समाज रामलल्लामागे उभा होता. गावोगावच्या लहान देवळांमागे असा समाज उभा आहे काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारायचा आहे.

समान न्याय, समान संरक्षण

येथे एका विषमतेची नोंद करणे आवश्यक आहे. १९९५ च्या वक्फ कायद्याच्या कलम १०७ ने वक्फ मालमत्तेच्या ताब्यासाठीच्या दाव्यांना मुदतीचा कायदा लागूच होणार नाही, अशी तरतूद केली होती. याचा अर्थ असा, की वक्फ मालमत्ता परत मिळवण्यास काळाचे बंधन नव्हते, तर देवस्थानाच्या जमिनीवर बारा वर्षे कोणी बसला की देवाचा हक्क संपण्याचा धोका होता. तामिळनाडूच्या धर्मादाय कायद्यात देवस्थानांना असे संरक्षण आहे. परंतु ते त्या राज्यापुरते. देशभरातील देवस्थानांसाठी केंद्रीय कायद्यात अशी तरतूद झाली नाही.

२०२५ च्या वक्फ सुधारणा कायद्याने कलम १०७ मधील ही सूट काढून टाकली आणि ८ एप्रिल २०२५ पासून हा कायदा अमलात आला. त्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदींना स्थगिती दिली. कलम १०७ मधील या बदलाला मात्र स्थगिती दिली नाही. ही दुरुस्ती स्वागतार्ह आहे, कारण एकाच देशात दोन धर्मसंस्थांना दोन घड्याळे असू शकत नाहीत.

पण एवढ्यावर समाधान मानणे योग्य होणार नाही. विषमता गेली, आता सर्वांना सारखाच धोका उरला आहे. समानतेचा खरा अर्थ सर्वांना समान असुरक्षितता देणे हा नसून सर्वांना समान संरक्षण देणे हा आहे. मंदिर असो, मठ असो, गुरुद्वारा, चर्च वा मशीद असो, अनाथालय असो वा धर्मशाळा. जी मालमत्ता खरोखरीच आणि कागदोपत्री सिद्ध होईल अशा रीतीने लोकांसाठी समर्पित आहे, तिच्याविरुद्ध प्रतिकूल कब्जाचा दावा चालणार नाही, अशी एकच तरतूद मुदतीच्या कायद्यात हवी. गायरान, पाणवठे, स्मशाने यांचाही त्यात समावेश हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सुचवले ते याहून वेगळे नाही.

दुर्दैवाने विधी आयोगाने मे २०२३ मधील आपल्या २८० व्या अहवालात प्रतिकूल कब्जाच्या कायद्यात बदलाचे कारण दिसत नाही, असे मत दिले. आयोगाच्या दोन पदसिद्ध सदस्यांनी, म्हणजे केंद्राच्या विधी खात्याच्या दोन्ही सचिवांनी, या मताशी असहमती नोंदवली, हे लक्षणीय आहे. ज्या इंग्लंडकडून हा कायदा आला, त्याने स्वतः काय केले? बर्कशायरमधील सुमारे ५७ एकर जमीन शेजारच्या शेतकऱ्यांनी केवळ चराईच्या वहिवाटीने मिळवल्याचा निकाल तेथील सर्वोच्च न्यायपीठाने २००२ मध्ये दिला आणि न्यायमूर्तींनाही त्याची चुटपुट लागली. त्याच वर्षी तेथे नवा जमीन नोंदणी कायदा झाला. नोंदणीकृत जमिनीवर दहा वर्षे कब्जा असणाऱ्याने आता आधी अर्ज करायचा, निबंधकाने मालकाला सूचना द्यायची, मालकाने हरकत घेतली तर त्याला आणखी दोन वर्षे कारवाईसाठी मिळायची, अशी व्यवस्था झाली. १ सप्टेंबर २०१२ पासून तर राहत्या घरात घुसून मुक्काम ठोकणे हा इंग्लंड व वेल्समध्ये फौजदारी गुन्हा ठरला. मूळ मालकाने जुना कोट टाकून दिला. तो आपण मात्र अजून अंगावर मिरवतो आहोत.

कुंपणच शेत खाते तेव्हा

कायदा बदलला तरी प्रश्न आपोआप सुटणार नाही. कारण मूक मालकाची जमीन बहुतेक वेळा परका माणूस नव्हे, तर राखणदारच गिळतो. केरळमधील एका देवस्वम मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये नेमके हेच सांगितले. विश्वस्त, अर्चक, सेवेकरी, कर्मचारी यांच्यावर देवाच्या मालमत्तेच्या रक्षणाची जबाबदारी असते आणि त्यांच्याच संगनमताने ती लाटली जाते. हा कुंपणाने शेत खाण्याचा प्रकार आहे, त्याला कठोरपणे आवर घाला, असे न्यायालयाने बजावले. ६ सप्टेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशातील प्रकरणात न्यायालयाने पुढचा खुलासा केला. देवस्थानाच्या जमिनीचा मालक देव आहे. पुजारी हा केवळ व्यवस्थापक आहे. महसुली दप्तरात मालकाच्या रकान्यात पुजाऱ्याचे नाव असण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रातील देवस्थान इनाम जमिनींचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निकालाचे मोल समजेल. नंदादीपासाठी, पूजेसाठी, उत्सवासाठी राजेमहाराजांनी आणि श्रद्धाळूंनी जमिनी दिल्या. आजोबांच्या काळी मालकाच्या रकान्यात देवाचे नाव आणि त्याखाली वहिवाटदार म्हणून पुजारी. वडिलांच्या काळी दोन्ही नावे शेजारी. नातवाच्या काळी देवाचे नाव गळते आणि वहिवाटदार मालक होतो. एका फेरफाराची किमया! त्यानंतर शहराची हद्द गावापर्यंत येते आणि नंदादीपाच्या शेतावर इमारत उभी राहते. देव गाभाऱ्यात अंधारात राहतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विश्वस्तांना स्थावर मालमत्ता विकता येत नाही. परंतु जी जमीन विश्वस्तांच्या यादीतच उरली नाही, तिच्यासाठी परवानगी मागणार कोण?

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. देवाची जमीन खंडाने कसणारा, वर्षानुवर्षे ठरलेला वाटा देवळात पोहोचवणारा शेतकरी हा अतिक्रमक नव्हे. तो देवाचा सेवेकरीच आहे. त्याचा खंड नियमित पावतीवर घेतला जावा, यातच त्याचेही हित आहे आणि देवाचेही.

गायरानाची गोष्ट

देवासारखेच गायरानही मूक आहे. पंजाबात पतियाळा तालुक्यात रोहर जागीर नावाचे गाव आहे. तेथील गावतळे काही मंडळींनी भराव टाकून बुजवले आणि त्यावर घरे बांधली. जिल्हाधिकाऱ्यांनी अजब तोडगा काढला. घरे पाडणे जनहिताचे नाही, सबब अतिक्रमकांकडून जमिनीची किंमत वसूल करावी! २८ जानेवारी २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांच्या पीठाने हे अमान्य केले. गावाची सामाईक जमीन ही पिढ्यान् पिढ्यांची ठेव आहे, पैसे भरून ती नियमित होत नाही, असे सांगून देशातील सर्व राज्यांनी अशी अतिक्रमणे हटवण्याच्या योजना आखाव्यात, असा आदेश दिला. बांधकामावर झालेला मोठा खर्च, दीर्घकाळचा कब्जा किंवा राजकीय लागेबांधे ही अतिक्रमणाची सबब ठरू शकत नाही, हेही बजावले.

या निकालातील अपवादही तितकाच महत्त्वाचा आहे. भूमिहीन शेतमजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना शासनाच्या अधिसूचनेने पट्टे दिले असतील किंवा जागेवर शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल, तरच नियमितीकरणाचा विचार करावा, असे न्यायालय म्हणते. हा विवेक प्रत्येक राष्ट्रप्रेमी माणसाने जपला पाहिजे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह उभारले, त्यामागे कोणाची जमीन लाटण्याची वृत्ती नव्हती. पोटाची आग होती. जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या वनवासी बांधवाला इंग्रजी कायद्याने अतिक्रमक ठरवले. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या त्याच्या कब्जाला मान्यता देऊन तो अन्याय दूर करण्याचा प्रयत्न केला. भटक्या-विमुक्त समाजाला गावाने कधी हक्काची जागा दिलीच नाही. तो गायरानाच्या कडेला पाल ठोकणार नाही तर जाणार कोठे? अशांचे पुनर्वसन हे समाजाचे ऋण आहे. त्यांच्या पालांच्या आडोशाने गायरानावर मंगल कार्यालय, गोदाम नि बंगला उभारणारा धनदांडगा हा वेगळा. कायद्याने आणि समाजाने या दोघांना एका मापाने मोजू नये.

मुंबईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. झोपडीवासीयांना संरक्षण देण्यासाठी १ जानेवारी १९९५ ही मर्यादा ठरली. ती १ जानेवारी २००० झाली. त्यानंतर २०११ पर्यंतच्या रहिवाशांना सशुल्क घराची सोय झाली. कष्टकऱ्याला घर मिळालेच पाहिजे. परंतु तारीख दर वेळी पुढे सरकणार, असा विश्वास एकदा बसला की झोपडीदादाचा धंदा तेजीत येतो. तो सरकारी जागा गरिबाला विकतो. फसतो गरीब, नागवली जाते जनता आणि गबर होतो दलाल. अनुकंपा आणि अनुनय यांतील सीमारेषा पुसली की असेच होते.

हटवण्याचीही एक रीत असते

अनधिकृत भोगवटादारांना हटवण्यासाठी कायदे नाहीत, असे मुळीच नाही. केंद्र शासनाच्या जागांसाठी १९७१ चा कायदा आहे. त्यानुसार मालमत्ता अधिकारी कारणे दाखवा नोटीस देतो, म्हणणे ऐकतो आणि निष्कासनाचा आदेश काढतो. त्यावर बारा दिवसांत जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येते. दिवाणी न्यायालयाचा लांबचा फेरा टळतो. २०१९ च्या दुरुस्तीने सरकारी निवासस्थाने अडवून बसणाऱ्यांसाठी ही प्रक्रिया आणखी जलद केली. अडवून बसणारे सगळे गरीबच असतात असे नव्हे. उत्तर प्रदेशातील माजी मुख्यमंत्र्यांना सरकारी बंगले सोडण्यासाठी २०१६ आणि २०१८ असे दोनदा सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले!

महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेचे कलम ५० जिल्हाधिकाऱ्यांना शासकीय जमिनीवरील अतिक्रमण दूर करण्याचा अधिकार देते. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५३ ने ग्रामपंचायतीलाही गावातील रस्ते व मोकळ्या जागांबाबत अधिकार दिला आहे. शासकीय जमिनीवर अतिक्रमण करणारा माणूस ग्रामपंचायतीचा सदस्य राहू शकत नाही. अतिक्रमण केलेल्या घरात कुटुंबासह राहणारा सदस्यही अपात्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात स्पष्ट केले. गडकिल्ल्यांवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमून ३१ मे २०२५ ही मुदत घातली. कायद्याची हत्यारे म्यानात आहेत. ती उपसण्याची इच्छाशक्ती हवी.

आणि ती उपसतानाही विधीची मर्यादा सांभाळायला हवी. यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश असताना घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात दोन्ही बाजू सांगितल्या. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग आहे. पण पदपथ अडवण्याचा हक्क कोणालाही नाही. आणि हटवायचे ते नोटीस देऊन, म्हणणे ऐकून. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने बांधकाम पाडण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस आवश्यक केली. रस्ता, पदपथ, लोहमार्ग, नदी अशा सार्वजनिक जागांवरील अनधिकृत बांधकामांना मात्र हे निर्देश लागू नाहीत, असेही सांगितले. अतिक्रमणाला जात नसते, पंथ नसतो. रस्त्यात आलेले मंदिर आणि रस्त्यात आलेली मजार यांना एकच नियम लागला पाहिजे. आपल्या देवळाचे अतिक्रमण तेवढे श्रद्धेचे आणि दुसऱ्याचे तेवढे बेकायदा, असे म्हणणाऱ्याचा आवाज न्यायालयात पोचत नाही आणि समाजाच्या अंतःकरणातही पोचत नाही.

मुक्याचा आवाज

मग सामान्य नागरिकाने करायचे काय? कामे साधी आहेत, पण ती नेमाने झाली पाहिजेत. गावातील प्रत्येक देवस्थानाचा, गायरानाचा, पाणवठ्याचा आणि स्मशानाचा सातबारा दरवर्षी काढून पाहावा. मालकाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते वाचावे. नवा फेरफार दिसला तर त्याची नक्कल मागावी. धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीत देवस्थानाच्या सर्व जमिनी लिहिल्या आहेत का, ते तपासावे. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्यावेत. जो जमीन कसतो त्याच्याशी लेखी करार करावा आणि खंडाची पावती जपावी, कारण परवानगीचा एक कागद प्रतिकूल कब्जाचा दावा कोसळवू शकतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ दवडू नये. बळजबरीने ताबा गेल्यास विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ नुसार सहा महिन्यांच्या आत दावा लावला, तर मालकी सिद्ध न करताही ताबा परत मिळू शकतो. शेतजमिनीसाठी मामलेदार न्यायालय कायद्याखालीही सहा महिन्यांत तहसीलदाराकडे धाव घेता येते. आणि विश्वस्तच देवाच्या हिताविरुद्ध वागत असतील, तर भक्ताला देवाचा मित्र म्हणून न्यायालयात उभे राहता येते. १९६७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग मोकळा केला आहे. ज्या समाजात असे भक्त आहेत, त्या समाजातील देव मुका नसतो.

कायदा बदलण्यासाठी संसदेपर्यंत मागणी पोचवलीच पाहिजे. परंतु त्या दिवसाची वाट पाहत बसण्याची चैन परवडणारी नाही, कारण बारा वर्षे भराभर सरतात. याज्ञवल्क्याचा नियम ‘पाहूनही न बोलणाऱ्यासाठी’ होता, हे विसरता कामा नये. देवाला बोलता येत नाही, गायरानाला बोलता येत नाही; म्हणून त्यांना अपवाद आहे. डोळे आणि वाणी असलेल्या समाजाला तो अपवाद नाही. समाज पाहत राहिला आणि गप्प बसला, तर होणारी हानी ही त्याने स्वतःच्या मौनाने ओढवून घेतलेली असेल.

उद्या सकाळी आपल्या गावच्या देवळात नमस्कार करून बाहेर पडताना प्रत्येकाने एकच प्रश्न विचारावा. या देवाची जमीन किती, आणि आज ती कोणाच्या ताब्यात आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला जो घराबाहेर पडेल, तो देवाची खरी पूजा करील.